आप्पांचा पाचवा पेन ड्राइव्ह

हिरामण आप्पा चहा पिताना कप फिरवत. एक घोट झाला की कप थोडा वळवायचा, मग दुसरा घोट, पुन्हा थोडा वळवायचा. मी कारखान्यात नवी होते तेव्हा मला वाटलं, कपाचा टवका उडाला असेल. विचारलं, तर म्हणाले, "ताई, रोज एकाच जागेले तोंड लावलं तर ती जागा झिजते. बाकीचा काठ काय नुसता बघाले ठेवला का?"

डिंडोलीतल्या आमच्या कारखान्यात साड्यांवर एम्ब्रॉयडरी होते. मी कॉम्प्युटरवर डिझाइन बनवायची, आप्पा ते पेन ड्राइव्हवर घेऊन मशीनला द्यायचे. मूळचे अमळनेरकडचे. सगळं तरुणपण मागाच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळे ऐकू कमी आणि बोलणं मोठ्याने. उतारवयात गडी पेन ड्राइव्हच्या प्रेमात पडला होता. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्याने त्यांना सांगितलं होतं की आत बारीक बारीक खण असतात, आणि एकाच खणात सारखं लिहीत-पुसत राहिलं की तो मरतो. आप्पांनी ते ज्ञान आपल्या पद्धतीने पचवलं. "आत एक मुकादम शे," ते सांगत. "आज याले काम, उद्या त्याले. कोणी बसून खात असेल तर त्यालेबी उठवतो. सगळे सारखे झिजले पाहिजेत."

मग ते स्वतःच मुकादम झाले. एकसारखे चार पेन ड्राइव्ह, चारींवर रंगाने नंबर, आणि रोज एकाची पाळी. कोणाला वाईट वाटू नये म्हणून की काय, प्रत्येक डिझाइन चारींवर. मशीनच्या पोटात काही साठवून ठेवायला त्यांची सक्त बंदी, काम झालं की पुसायचं. खुर्च्याही पाळीने बदलत, त्यामुळे सकाळी आपण कुठे बसायचं हे कोणालाच ठाऊक नसे. शेठचा मेव्हणा ऑफिसात दिवसभर पंख्याखाली बसलेला असायचा. एकदा आप्पांनी त्याच्या हातात दोऱ्याचं खोकं दिलं आणि म्हणाले, "बसलेल्या खणालेबी हलवा लागतं, भाऊ." तो इतका गोंधळला की खोकं उचलून खरंच चालायला लागला.

एकदा आप्पा नवागामच्या घरून कारखान्यात अनवाणी चालत आले. चपलांचे दोन जोड ते आलटून पालटून वापरत. दोन्ही एकाच सकाळी तुटले होते. एखाद्याने कपाळाला हात लावला असता. आप्पा मात्र पाय पोळलेले असतानाही खूश होते. "बघा, वाटणी कशी बरोबर झाली!" मी पोट धरून हसले. त्या चपला मला काहीतरी सांगत होत्या, पण ते तेव्हा कुठलं कळायला?

मी परभणीची. चार वर्षं दुसऱ्यांच्या साड्या बघून डिझाइनं उतरवत होते. शेवटी स्वतःचं एक केलं, कपाशीच्या फुटलेल्या बोंडाचं. आप्पांना ते इतकं आवडलं की चित्रासकट पेन ड्राइव्हवर घालून टीव्हीवर जिजाबाईंना, म्हणजे त्यांच्या मंडळींना, दाखवायला घरी घेऊन गेले. शेठ म्हणाले, शुक्रवारी चार वाजता मार्केटचा व्यापारी येतोय, त्याच्यासमोर मशीनवर चालवून दाखव. त्याला पटलं तर यापुढे तू स्वतःची डिझाइनं कर. नाही पटलं तर मुकाट्याने नकला कर.

शुक्रवारी सकाळी माझा कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. मी घाबरले नाही. आप्पांकडे चार ठिकाणी आहे की!

एक नंबर मशीनने ओळखला नाही. दोन नंबरवर फाइल दिसली, उघडेना. तीन नंबर ढिम्म. चौथा आप्पांनी शर्टाला पुसून लावला, तर तोही गेलेला. एका दिवशी आणलेले, सारखेच राबलेले, सोबतच म्हातारे झाले होते. आप्पा त्यांच्याकडे बघत राहिले. "वाटणी बरोबर झाली," ते पुटपुटले. इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. मला हसू आलं, आणि मग रडूच आलं.

एक वाजता जिजाबाई डबा घेऊन आल्या. आप्पा जेवेनात. काय झालं ते कळल्यावर त्या चारींकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "पाच आणेल व्हतात ना? पाचवा मी बाजूले ठेवी दिधा व्हता."

टीव्हीवर कपाशी दाखवून झाल्यावर त्यांनी तो आप्पांना परत दिलाच नव्हता, आणि चारांच्या पाळीत आप्पाही त्याला विसरले होते. ट्रंकेत, कधीच न नेसलेल्या रेशमी साडीत गुंडाळून ठेवला होता. "सगळाच राबनात त एक तरी ताजा पाहिजे ना," त्या म्हणाल्या. ती साडीही त्या वापरत नसत, फक्त दरवर्षी तिची घडी बदलत, म्हणजे एकाच रेघेवर विरायला नको. "मुकादम, मुकादम करतस. आम्ही बाया हाईच करतस," एवढं बोलून त्या रिक्षाने तो आणायला घरी गेल्या.

चार वाजता बोंडं मशीनवर फुटत होती. व्यापारी गुजरातीत म्हणाला, "सरस छे." ती कपाशीची नमुन्याची साडी शेठने आप्पांना दिली. दुसऱ्या दिवशी आप्पा नवे पाच घेऊन आले, चारींवर नंबर टाकले आणि पाचवा खिशात घातला. घरी गेल्यावर तो कुठे गेला असेल हे सांगायला नको.

गेल्या वर्षी दोघं कायमचे गावी गेले. निघताना जिजाबाईंनी माझ्या हातात रुमालात बांधलेला एक पेन ड्राइव्ह ठेवला. वापरू नको, म्हणाल्या. मला आप्पांची फार आठवण येते. आता चहा पिताना माझाही कप आपोआप फिरतो.

परवा आप्पांचा फोन आला. कपाशीच्या साडीची घडी बदलली म्हणे. मी विचारलं, "पण जिजाबाई ती नेसणार कधी?" मागून जिजाबाईंचा आवाज आला, "बाकीन्या सगळ्या फाटतीन, तवय."

आप्पांनी आवाज खाली आणला, म्हणजे त्यांच्या मते आणला. "म्हणून तर बाकीच्या पाळीने नेसाले लावतो तिले, ताई. सगळ्या एकाच दिवशी फाटतील."