तासभर जादा

आमच्या शाळेत विद्यार्थी साहाय्य कक्ष आहे. तळमजल्यावर, मुख्याध्यापिकांच्या केबिनला लागून. निळे पडदे, रेक्झिनचा सोफा, गोल टेबल, भिंतीवर हसऱ्या मुलांचं पोस्टर. दारावर पाटी: समुपदेशन, उपचारात्मक वर्ग, विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांना मदत. पाटीखाली कुलूप. नवी मुंबईतल्या या सरकारी शाळेत मी सव्वीस वर्षं गणित शिकवतोय, आणि या इमारतीत त्या खोलीइतकी शिसारी मला दुसऱ्या कशाचीच येत नाही. मुलांच्या मुतारीचीसुद्धा नाही. मुतारी निदान वापरात आहे.

पण सांगायचंय ते आरिफा मॅडमबद्दल. खोलीचं नाव काढल्याशिवाय त्यांच्याबद्दल बोलता येत नाही, म्हणून आधी खोली.

आरिफा मॅडम विशेष शिक्षिका म्हणून गेल्या वर्षी जूनमध्ये आल्या, अकरा महिन्यांच्या करारावर. माहेर मुरूडच्या बाजूचं, वडलांचा सुपारीचा व्यापार. नवरा इसाक तळोज्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये, म्हणून घरही तळोज्यालाच. पस्तिशीच्या, बारीक अंगाच्या, डोक्यावरून ओढणी, आणि खांद्याला एक भलीमोठी कापडी पिशवी. त्या पिशवीत रंगीत पट्ट्या, अक्षरांचे पत्ते, चटई आणि तांदळाच्या भाकऱ्यांचा डबा. सकाळी उपाशी आलेल्या पोराला आधी भाकरी, मग पुस्तक, असा त्यांचा क्रम होता. आता त्या आमच्या शाळेत नाहीत.

पहिल्याच दिवशी त्यांनी खोलीची किल्ली मागितली. आमच्या मुख्याध्यापिका गीतांजली मॅडम गोड हसल्या.

"अहो, खोली खराब होते. मुलं सोफ्यावर पाय ठेवतात. व्हिजिट असली की उघडूच ना आपण."

"मग मुलांना बसवू कुठे?"

"अ‍ॅडजस्ट करा कुठेतरी. तुमच्याकडे दहा-बाराच तर पोरं."

आरिफा मॅडम भांडल्या नाहीत. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे जिन्याच्या वळणावर त्यांनी चटई अंथरली, आणि तिथे त्यांचा वर्ग सुरू झाला. वर-खाली जाणारी पोरं चपला वाजवत शेजारून जायची. स्टाफरूममध्ये आम्ही त्यांना 'जिना मॅडम' म्हणायला लागलो. नाव कोणी पाडलं म्हणाल तर मीच. फार हसलो होतो तेव्हा सगळे.

त्या चटईवर दहावी 'ब'ची ईश्वरी असायची. तिची आई मीना पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये पॅकिंग करते. वडील नाहीत. ईश्वरीची वही म्हणजे माझ्या दृष्टीने शत्रू होती. छत्तीसचे त्रेसष्ट, अर्ध्यावर सुटलेली उदाहरणं, रबराने घासून भोकं पडलेली पानं. आठवीपासून तीन वर्षं मी तिच्या वहीत लाल पेनाने 'निष्काळजी' असा शेरा मारत होतो. एकदा तर अख्खा तास तिला बाकावर उभी केली होती.

जुलैत एकदा आरिफा मॅडमनी मला जिन्यात थांबवलं.

"सर, पाचच मिनिटं. हिला काहीतरी विचारा. पण वही बंद ठेवून."

मी घाईत होतो. विचारलं, तेरा फुटांची शिडी भिंतीला टेकवलीय, शिडीचा पाय भिंतीपासून पाच फुटांवर, तर शिडी भिंतीला किती उंचीवर टेकेल? पोरीने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. ओठ हलले. "बारा." कसं ते सांग म्हटलं, तर सांगितलं, पायथागोरससकट. मी दुसरं अवघड उदाहरण घातलं. तिसरं घातलं. तिने तिन्ही सोडवली, तोंडी. मग मॅडमनी तिला तेच शिडीचं उदाहरण लिहायला दिलं. लिहिता लिहिता तिच्या कपाळावर घाम आला. वीस मिनिटं गेली. पण शेवटी कागदावर जे उतरलं ते बरोबर होतं.

"डोकं पुढे पळतं, हात मागे राहतो," मॅडम म्हणाल्या. "आळशी नाही सर ही. हिला फक्त वेळ हवाय."

माझ्या खिशातलं लाल पेन मला नकोसं झालं. तसं म्हणून मी काही केलं मात्र नाही. वर्गावर गेलो.

मॅडमनी केलं. अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत तीन तासांच्या पेपराला तासभर जादा मिळतो. त्यासाठी सरकारी दवाखान्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि मग शाळेने मुख्याध्यापकांच्या सहीने बोर्डाकडे प्रस्ताव पाठवायचा असतो. त्या प्रमाणपत्रासाठी मीनाताई आणि पोरीला घेऊन त्या तीनदा मुंबईला गेल्या. एकदा डॉक्टर नव्हते, एकदा मशीन बंद, तिसऱ्यांदा सगळं जमलं. ऑक्टोबरात प्रमाणपत्र हातात पडलं. आता एक सही आणि एक लखोटा, एवढंच उरलं होतं. ईश्वरी त्या दिवशी जिन्यात मला आपणहून म्हणाली, "सर, तासभर जास्त मिळाला ना, तर मी पास होनार. डिप्लोमाला जानार." तिने माझ्याशी आपणहून बोलायची ती पहिलीच वेळ होती.

पण त्याआधी ऑगस्टात एक प्रकार झाला होता. तो माझा. तो सांगायला हवा, तोंड कडू झालं तरी.

ऑगस्टात तपासणी लागली. 'उत्कृष्ट साहाय्य सेवा' असा काहीतरी पुरस्कार होता, त्यासाठी अधिकारी येणार होते. खोली उघडली, सोफा पुसला, अगरबत्ती लावली. गीतांजली मॅडमनी मला बोलावलं.

"जयप्रकाश सर, कक्षात बसवायला अकरा मुलं द्या. दहावी 'अ'ची. टापटीप, चटकन उत्तर देणारी. फोटो जिओटॅग होऊन जाणारेत."

"पण मॅडम, कच्च्या मुलांचा कक्ष आहे ना?"

"म्हणून काय कच्ची बसवायची? सर, तुम्हीपण ना!"

मी 'अ' तुकडीची पहिली अकरा पोरं निवडली. अलिशा नावाची आमची पहिल्या नंबरची मुलगी. तिला मी सांगितलं, साहेबांनी विचारलं तर मी आधी कच्ची होते, इथे येऊन सुधारले असं म्हण. तिने विचारलं, "सर, पण मी कशात कच्ची होते?" काय सांगू? म्हटलं, कशातही सांग. मग मी बसून जूनपासूनचं रजिस्टर भरलं. लाभार्थी विद्यार्थी, अकरा नावं, दर आठवड्याची प्रगती, माझ्या सुरेख अक्षरात. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. जिन्यावरच्या मुलांना तेवढा वेळ गच्चीच्या दाराशी पाठवलं होतं, वाटेत दिसायला नकोत म्हणून. साहेबांनी सोफ्यावर बसून ढोकळा खाल्ला आणि शेरा लिहिला, 'अत्यंत स्तुत्य उपक्रम.' वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात तो हा. आणि तमाशात मी नुसता बघ्या नव्हतो, ढोलकी माझ्याच गळ्यात होती.

दुसऱ्या दिवशी आरिफा मॅडमनी ते रजिस्टर चाळलं.

"सर, यात माझी मुलं कुठायत?"

"अहो, तो नुसता कागद आहे. कशाला टेन्शन घेता?"

त्यांनी रजिस्टर मिटून टेबलावर ठेवलं.

नोव्हेंबरात आमच्याकडे 'सतरा नंबर'चा हंगाम असतो. सतरा नंबर म्हणजे शाळेबाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा फॉर्म. ज्यांची शाळा सुटली त्यांच्यासाठी तो काढलाय, सोय चांगली आहे. आम्ही काय करतो? नापास होतील असं वाटणाऱ्या पोरांच्या आईबापांना बोलावतो, दाखला काढून न्यायला लावतो आणि हातात सतरा नंबर देतो. तांदळातले खडे वेचावेत तशी पोरं वेचतो. मग मार्चला उरतात फक्त पास होणारी, आणि जूनमध्ये चौकात फ्लेक्स लागतो: निकाल शंभर टक्के. त्या फ्लेक्सवर माझाही फोटो असतो. वर्षानुवर्षं आहे.

त्या वर्षीच्या यादीत ईश्वरीचं नाव होतं. आरिफा मॅडम प्रमाणपत्र घेऊन तडक केबिनमध्ये गेल्या. मी तिथेच होतो.

"मॅडम, हिचा प्रस्ताव पाठवायचाय. ही पास होईल. मी लिहून देते."

गीतांजली मॅडमनी प्रमाणपत्र पाहिलंही नाही. "प्रस्तावाला शाळेतल्या मदतीची नोंद जोडावी लागते. रजिस्टर आहे आपलं. त्यात हिचं नाव आहे का?"

"मॅडम, त्या रजिस्टरात कोणाची नावं आहेत ते तुम्हाला माहितीय."

"मला लिहिलेलं माहिती असतं. सर, रजिस्टर तुम्ही भरलंय. आहे का हो ईश्वरीचं नाव?"

आरिफा मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. हा माणूस आता खरं बोलेल, अशा भरवशाने पाहिलं, आणि तेच मला अजून सहन होत नाही. रोज दोनदा मी त्या जिन्यावरून जात होतो. ती पोरगी चटईवर बसलेली मी पाच महिने पाहिली होती. एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. पण पर्यवेक्षकाची जागा जानेवारीत रिकामी होणार होती, आणि शिफारस जाणार होती त्याच टेबलावरून.

"नाव नाही," मी म्हणालो.

खोटं काहीच बोललो नव्हतो. नाव नव्हतंच. इतकं खरं आणि इतकं घाणेरडं वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललेलो नाही. जानेवारीत मी पर्यवेक्षक झालो. साहाय्य कक्षाची किल्ली आता माझ्या ड्रॉवरमध्ये असते.

दोन दिवसांनी आरिफा मॅडमना मुद्दाम कसल्याशा प्रशिक्षणाला पाठवलं आणि मीनाताईंना बोलावून घेतलं. त्यांना बसवायला कक्ष उघडला. मीनाताई कामावरूनच आल्या होत्या, सोफ्याच्या अगदी कडेला टेकल्या. गीतांजली मॅडम त्यांच्याशी अर्धा तास बोलल्या, मुलीचं वर्ष वाया जाईल, नापासाचा शिक्का बसेल, त्यापेक्षा बाहेरून आरामात देऊ दे. त्या खोलीत झालेलं खरंखुरं समुपदेशन माझ्या माहितीत हे एवढंच.

"आमाला काय कळतंय, मॅडम. तुमी म्हनाल तसं," मीनाताई म्हणाल्या.

"मग दाखल्यासाठी अर्ज द्या. स्वखुशीने काढतोय असा. हाताने लिहिलेला हवा."

"मला लिवता येत नाय. सही येती."

"हरकत नाही, ईश्वरी लिहील. सर, तुम्ही मजकूर सांगा."

ईश्वरीला वर्गातून बोलावलं. कोरा कागद पाहून तिचा चेहरा उजळला. "वेळेचा अर्ज ना, सर?" मी 'प्रति, मुख्याध्यापिका' पासून सांगायला लागलो. 'शाळा सोडल्याचा दाखला' हे शब्द आले तेव्हा तिचं पेन थांबलं. तिने आईकडे पाहिलं. आई चहाच्या कपात बघत होती. मग पोरगी खाली मान घालून लिहायला लागली.

सहा ओळींचा अर्ज. एकेक अक्षर ती आधी बोटाने टेबलावर काढायची, मग कागदावर. एका कागदावर चूक झाली, दुसरा दिला. दुसरा फाटला, तिसरा दिला. तासाची घंटा झाली, मुलं वर्ग बदलून गेली, पुढचा तास सुरू झाला. एरवी घड्याळ बघत खेकसणाऱ्या गीतांजली मॅडमनी त्या दिवशी मीनाताईंना दुसरा चहा मागवला. पोरीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "घाई नाही, बाळा. सावकाश लिही. खाडाखोड नको." मी पुढचा शब्द सांगितला.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला आरिफा मॅडम प्रशिक्षणाहून थेट ऑफिसात आल्या. मी तो अर्ज फायलीला लावत होतो. त्यांनी हात पुढे केला, मी दिला. त्यांनी उभ्याउभ्या वाचला.

"हे ईश्वरीचं अक्षर आहे."

"हो."

"एकही चूक नाही."

"नाही."

"किती वेळ दिलात तिला?"

"तासभर."

त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला, आणि खांद्यावरची पिशवी सारखी केली.

"एवढाच तर मागत होते मी, सर."