नळाच्या ओट्यावरचं पाणी

ओल्या सिमेंटचा वास आला की मले ती संध्याकाळ आठवते. मी अन् बायको नळाच्या नव्या ओट्यावर पाणी मारून राह्यलो होतो. वर्ध्याजवळच्या आमच्या गावाची वावरं कॉलनीसाठी गेली, कॉलनीत घरोघरी नळ आले आणि आम्ही विहिरीवरच राह्यलो. किती वर्षं अर्ज दिले, तेव्हा सगळ्या गावात मिळून एक नळ मंजूर झाला. ठेकेदार ओटा बांधून निघून गेला. सात दिवस पाणी मारलं नाई तर ओटा तडकतो, हे बायकोनं गवंड्याले विचारून घेतलं होतं. तडकला तर दुसरा कोण बांधून देते? "तुमचं अर्धं पाणी पायावरच सांडते," ती म्हणाली. "मंग पायही पक्के होतील," म्या म्हटलं. ती पदर तोंडाले लावून हसली. तो चौथा दिवस होता. पहाटे तिच्या छातीत कळ आली आणि बंडी जुंपेपर्यंत ती गेली. दुपारी तिले जाळून आलो. त्याच संध्याकाळी मी बादली घेऊन विहिरीवर गेलो आणि थांबलो, कारण सुतकातल्या माणसानं गावच्या दोराले हात लावायचा नसते. शेजारची सून पाणी काढत होती. "मामाजी, तुम्ही घरी जा, तुमचं पाणी मी आणते," ती म्हणाली. "माह्यं राहू दे," म्या बादली तिच्यापुढं ठेवली, "ओट्यावर टाक. तिचे तीन दिवस राह्यले आहेत." तिनं बादली भरली, अन् मी पुढं होऊन कुठं कुठं कोरडं पडलं ते बोटानं दाखवत गेलो.