आमच्या गावावर सुटलेला आकाशगंगेचा वारा

चहा आधी पिऊन घ्या मंडळी. मी एकदा हे सांगायला लागलो की तुम्ही हसत सुटता, मला माझीच लाज वाटते आणि सगळ्यांचाच चहा गार होतो. तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसानं आपल्या अकलेचं एवढं मोठं प्रदर्शन भर गावात मांडावं, असा प्रकार अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात आधी कुणी केला असेल असं मला वाटत नाही.

आमचं गाव आमगावहून सालेकसाकडं जाताना लागतं. माझ्या मोठ्या भावाची, म्हणजे दादाची, आणि माझी शेती बांधाला बांध लागून. दादा दहावी नापास. मी बी.एस्सी. बी.एड. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या दिवसांत मी ते तासातासाला कुणाला ना कुणाला ऐकवत होतो.

दादाची मुलगी पल्लवी. माझ्याच शाळेत शिकली. प्रश्न असे विचारायची की मला घाम फुटायचा. मग मी रुबाबात म्हणायचो, ‘हे पुढच्या वर्गात येईल.’ आता पुढच्या वर्गात जात जात ती पोरगी पुण्याला पोहोचली आणि आकाशगंगांच्या पोटातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या वायूवर संशोधन करू लागली. दिवाळी झाली आणि तिला परदेशातल्या एका संस्थेचं बोलावणं आलं. तीन वर्षांसाठी. हो की नाही ते आठ दिवसांत कळवायचं होतं.

वहिनी तयार होत्या. दादा अडून बसला. खर्चाचं काही नव्हतं, लग्नाचंही नव्हतं. त्याची अट निराळीच होती.

“थे तिथं जाऊन काय करनार हाये, हे मले समजलं पायजे,” तो म्हणाला. “समजलं त जावं. नाई समजलं त मंग कायले जाते?”

पल्लवीचा मला फोन आला. म्हणाली, काका, तुम्हीच सांगा बाबांना, मी सांगायला लागले की ते मधेच ‘जेवली का’ विचारतात. आवाज रडवेला होता. खरं सांगतो, माझं काळीज हललं. ही पोरगी माझ्यामुळं अडायची नाही, असं मी ठरवून टाकलं. आणि माझ्यामुळंच जायची, असंही.

तिनं मला अर्धा तास सगळं समजावलं. मी कागद-पेन घेऊन बसलो होतो. आकाशगंगेच्या मधोमध एक प्रचंड कृष्णविवर असतं. आजूबाजूचा वायू त्याच्याकडं ओढला जातो, गरगर फिरतो, तापतो. पण सगळाच गिळला जात नाही, बराचसा बाहेर उधळला जातो, सेकंदाला हजार-हजार किलोमीटरच्या वेगानं. तारे वायूचेच बनतात, तेव्हा जिथला वायू असा उडून गेला तिथं नवे तारे जन्मायचे थांबतात. आणि त्यातला काही वायू आपल्या दिशेनं येतोय, हे त्याच्या प्रकाशाचा रंग किंचित निळसर बाजूला सरकतो त्यावरून कळतं.

शेवटी ती म्हणाली, “पण काका, तो आपल्यापर्यंत कधीच पोहोचणार नाही, हे नक्की सांगा. अंतर फारच आहे.”

मी म्हटलं, बाई, तू मला शिकवू नको.

दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई भरते, हे तुम्हाला माहीत आहेच. घरोघरी पाहुणे, चिवडा, चहा, गावाबाहेर दुकानं आणि दंडारीचा खेळ. आमच्या मंडईच्या दिवशी दादाचं अंगण पाहुण्यांनी भरलं होतं. आता एकट्या दादाला समजवायचं तर गोठ्यामागं उभं राहूनही समजावता आलं असतं. पण मला श्रोते पाहिजे होते ना. मी तोच मुहूर्त धरला.

धान वारवायचा आमचा विजेचा पंखा मी अंगणात आणवला. समोर कोंड्यानं भरलेलं टोपलं ठेवलं. म्हटलं, हे टोपलं म्हणजे आकाशगंगा, पंखा म्हणजे तिचं पोट, आता बघा. आणि बटण दाबलं. कोंडा असा काही उसळला की बालाघाटहून आलेले पाहुणे चिवड्यासकट दिसेनासे झाले. कुणी शिंकतंय, कुणी चहाचा कप हातानं झाकतंय. पण मुद्दा पोहोचला. टोपलं रिकामं झालेलं सगळ्यांनी पाहिलं, आणि रिकाम्या टोपल्यात तारे जन्मत नाहीत हेही सगळ्यांनी मान्य केलं.

दादानं मिशीवरचा कोंडा झटकला आणि विचारलं, “थो वायू जाते कोनीकडं?”

“आपल्याकडं,” मी म्हणालो. “सेकंदाला हजार किलोमीटर.”

अंगण एकदम गप्प झालं. तीस वर्षांत माझा एकही वर्ग इतका शांत बसलेला नव्हता. ती शांतता मला फार आवडली. आणि ‘कधीच पोहोचणार नाही’ हे वाक्य खिशातल्या कागदावरच राहून गेलं.

मग दादानं विचारलं, तिथला उजेड कधी निघाला होता? मी म्हटलं, कोट्यवधी वर्षांपूर्वी. पोचला का मग? मी म्हटलं, पोचला म्हणून तर दुर्बिणीत दिसतो. यावर पानठेल्यावाला सुकराम, जो आमच्या गावात बातमी आणि तंबाखूचा खर्रा दोन्ही तयार करतो, तो पुढं सरकला.

“मास्तर, बिजली पयले दिसते. मंग आवाज येते. अन् मंग वारा सुटते. उजेड त येऊन गेला मनता तुमी. त वारा मागंच असंन ना?”

सगळं अंगण माझ्याकडं पाहू लागलं. दादाही पाहत होता, जरा जास्तच वेळ.

आता तुम्ही सांगा, मी काय करायचं? ‘नाही’ म्हणावं, तर दादा लगेच विचारणार, जे येणारच नाही त्याचा अभ्यास कशाला? पोरीचं जाणं तिथंच बुडणार. आणि दुसरं म्हणजे, पंचवीस माणसांसमोर पानठेल्यावाल्याला मुद्दा सुचतो आणि मास्तरला उत्तर सुचत नाही, हे काही बरं दिसत नव्हतं. मी घसा खाकरला आणि म्हणालो, “तत्त्वतः, हो.”

दादा उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, “समजलं मले. जाऊ दे पोरीले.”

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मी पल्लवीला फोन करून सांगितलं, आणि पलीकडं ती रडता रडता हसत होती. मला तर आभाळ ठेंगणं झालं. संध्याकाळी दंडार पाहायला गेलो तेव्हा मी जवळजवळ नटासारखाच चालत होतो.

इकडं सुकरामच्या पानठेल्यावर वारा निघाला होता. संध्याकाळपर्यंत तो आकाशगंगेतून सुटून बालाघाटपर्यंत आला. सकाळी तो आमगावच्या अलीकडं होता. धानाची कापणी नुकतीच झालेली, कापलेल्या धानाच्या कडपा बांध्याबांध्यांत, खाचराखाचरांत, वाळत पसरलेल्या. असा वारा आला तर एक तरी कडप जागेवर राहील का? सगळं गाव शेतात पळालं. भारे बांधले, उंच जागी त्यांचे पुंजणे रचले, वर ताडपत्र्या टाकल्या, ताडपत्र्यांवर दगड. आमगावच्या दुकानांतल्या ताडपत्र्या संपल्या. एकानं तर लग्नातली सतरंजी घातली.

लोक माझ्याकडं येऊन बारकावे विचारू लागले. वारा कोणत्या बाजूनं येणार? कौलं टिकतील का? गाभण म्हशीला काही त्रास? सौंदडहून एका ओळखीच्याचा फोन आला, मास्तर, आमच्याकडं तो रेल्वेगाडीच्या आधी पोचते का मागून? मी विचार करून सांगितलं, साधारण सोबतच. काय करणार, एकदा ‘तत्त्वतः हो’ म्हटलेल्या माणसाला ‘तत्त्वतः नाही’ म्हणता येत नाही. आणि दादाच्या कानावर गेलं असतं तर? त्यानंही आपलं सगळं धान पहिल्याच दिवशी उचललं होतं. बिचाऱ्याचा माझ्यावर केवढा विश्वास, असं मनात येऊन मला गहिवरून आलं.

आमच्या घरात मात्र वेगळंच चाललं होतं. बायको म्हणाली, सगळ्या गावानं उचललं, आपलंही उचलू. मी हसलो. काय हसलो म्हणून सांगू! म्हटलं, अगं, त्या वाऱ्याचं खरं काय ते या गावात फक्त मला माहीत आहे. ती म्हणाली, खरं-खोटं राहू द्या, आभाळ बघा. मी म्हटलं, आभाळ मला नको दाखवू, मी बी.एस्सी. आहे.

दोन दिवस मी बांधावर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलो. आजूबाजूला लोक घामाघूम होऊन भारे वाहताहेत, आणि मधोमध माझी दोन एकर शेती, कडपा कशा निवांत उन्हात पहुडलेल्या. मला लोकांची दया येत होती. अंधश्रद्धेवर शाळेत एक भाषण द्यायला पाहिजे, असंही मी ठरवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला. वारा नाही, साधा, घरगुती, अवकाळी पाऊस. दोन दिवस थांबला नाही. गावाचे पुंजणे ताडपत्रीखाली कोरडे ठणठणीत. माझ्या बांधीत गुडघाभर पाणी आणि पाण्यात माझं धान. पाऊस उघडल्यावर पाहिलं, तर कडपांमधल्या दाण्यांना पांढरे कोंब फुटले होते.

लोक येऊन माझ्या पाया पडत होते. मास्तरमुळं धान वाचलं, म्हणत होते. मास्तरचंच कसं काय गेलं, हे विचारायचं मात्र सगळ्यांनी सौजन्यानं टाळलं. बायकोनं तर बांधावरची माझी खुर्ची उचलून घरी नेली. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

दादा आला. बांधावर माझ्या शेजारी उभा राहून कोंबांकडं पाहत राहिला. मला राहवेना. पोरीचं तिकीट निघालं होतं, आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी कबूल करून टाकलं. म्हटलं, दादा, तो वारा कधी येणारच नव्हता. मी तुझ्याशी खोटं बोललो. पण आता पल्लवीला अडवू नको, तिची काही चूक नाही.

“मले मालूम हाये,” दादा म्हणाला.

“काय मालूम आहे?”

“वारा येत नाई मनून. पहाडावर तिकडं बिजली चमकते, त दरवेळी आपल्या बांधीत वारा सुटते का? एवढं त बैलालेई समजते.”

मी चाट पडलो. विचारलं, मग धान कशाला उचललंस?

“मोबाईलवर पाऊस दाखवून राहिला होता ना, चार दिवसांपासून. लोकं मोबाईलचं ऐकत नाईत, तुझं ऐकून राहिले होते. मनलं, ऐकू दे.”

“आणि मला का नाही सांगितलंस?”

“तू मास्तर. मले वाटलं, तू पाह्यला असशीन.”

माझ्या मोबाईलवर त्या आठवड्यात फक्त कृष्णविवरांची चित्रं होती, हे मी त्याला सांगितलं नाही. पण एक गोष्ट डोक्यात बसत नव्हती. म्हटलं, दादा, तुझी अट तर अशी होती की समजलं तरच पोरगी जाणार. तुला माझं काहीच पटलं नव्हतं, तर अंगणात सगळ्यांदेखत ‘समजलं मले’ म्हणालास ते काय होतं?

दादानं एक कोंब फुटलेला दाणा उचलला, चोळून पाहिला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

“समजलंच होतं ना मले,” तो म्हणाला. “तीस वर्षं शिकवून तुले काईच समजलं नाई, हे समजलं. मंग मनलं, जाऊ दे पोरीले. आपल्या घरात एकाले त समजलं पायजे.”