चाळीस तोंडांची डावी बाजू

वहिनी पुन्हा कॉलेजात जाणार म्हटल्यावर घरात सगळ्यात आधी हसलो तो मी. वय अडतीस, मुलगी नववीत, आणि अकरा वर्षं दुसऱ्याच्या दवाखान्यात लोकांचे दात भरण्यात गेलेली. आता म्हणे हिरड्यांच्या आजारांत पदव्युत्तर पदवी घ्यायची, प्रबंध लिहायचा. मी कवळ्या आणि कॅप बनवणारा माणूस. लॅब घराच्याच तळमजल्यावर. म्हटलं, "वहिनी, दात बसला, पेशंट चावायला लागला, की झालं संशोधन!"

"तुमची कवळी बसते ती का बसते, हे कधी विचारलंत का भावोजी?" एवढंच बोलून ती फॉर्म भरायला गेली.

सुरुवातीला तिची पुरती भंबेरी उडाली. दर गुरुवारी त्यांच्या विभागात जर्नल क्लब असायचा. एकाने छापून आलेला शोधनिबंध मांडायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या चिंध्या करायच्या. वहिनी सारांश वाचायची, निष्कर्ष वाचायची आणि मान डोलवायची. एकदा विभागप्रमुख मॅडमनी विचारलं, "औषध कुणाला द्यायचं नि कुणाला नाही, हे ठरवलं कुणी?" हिला सांगता येईना. ते निबंधात लिहिलेलंच नव्हतं, आणि तेच उत्तर होतं, हे तिला घरी आल्यावर उमगलं. बारा-बारा वर्षांनी लहान पोरांसमोर गप्प उभं राहावं लागलं म्हणून त्या दिवशी ती जेवली नाही.

पण हार मानणारी बाई नव्हे. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून तिने प्रश्नांची यादी चिकटवली. रुग्ण कसे निवडले? मोजलं कुणी? औषध कुणाला दिलंय, हे मोजणाऱ्याला आधीच माहीत होतं का? मध्येच किती जण सोडून गेले? भाजी चिरता चिरता ती निबंध तपासायची. वर्षभरात वर्गातली पोरं तिला 'चाळणी' म्हणायला लागली. घरातही कुणाची सुटका नव्हती. नव्या तेलाने केस गळायचे थांबले, असं दादा कौतुकाने म्हणाला, तर ही विचारते, "तेल न लावलेले दुसरे तुम्ही कुठे आहात?"

तिच्या स्वतःच्या प्रबंधाचा विषय साधा होता. हिरड्या सुजलेल्या चाळीस रुग्णांचे दात साफ करायचे, मग तोंडाच्या एका बाजूला हिरडीच्या खाचांत औषधी जेल भरायचं, दुसरी बाजू तशीच ठेवायची आणि तीन महिन्यांनी कुठून कमी रक्त येतं ते बघायचं. चाळीसपैकी एकतीस जणांत जेलची बाजू सरस निघाली. मॅडम खूश, दादा खूश. परीक्षा चार महिन्यांवर आली होती.

तेवढ्यात मी तोंड उघडलं. माझ्या जिभेला हाड नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. वहिनी लॅबमध्ये चहा घेऊन आली होती आणि मी माझी अक्कल दाखवत होतो. प्लास्टरचा एक साचा तिच्यासमोर धरून म्हटलं, "हा माणूस नक्की उजवा. डावा सुळा मुळाशी कसा घासलाय बघ! उजव्या हाताने ब्रश करणाऱ्यांचा जोर डावीकडेच असतो. म्हणून डावी बाजू साफही जास्त."

तिने कप खाली ठेवला. "मी जेल सगळ्यांना डावीकडेच भरलंय," ती म्हणाली.

आराखड्यात लिहिलं होतं, बाजू चिठ्ठीने ठरवावी. हिने चिठ्ठी टाकली, पण एकदाच. डावी बाजू निघाली आणि घोळ नको म्हणून चाळीसही जणांना तीच. आता रक्त कमी झालं ते जेलने की ब्रशने, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

"चिठ्ठी टाकली होतीस ना? मग खोटं कुठे आहे?" मी म्हटलं. "कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," ती म्हणाली. "दुसऱ्यांच्या निबंधात हेच सापडलं असतं तर मी त्यांना सोडलं असतं का?"

पुढच्या गुरुवारी विभागात एक कवळी पोचवायची होती, म्हणून मी गेलो आणि दारातच थबकलो. वहिनीने चाळीस रुग्णांचा एक निबंध मांडला होता, लेखकाचं नाव झाकून. पोरांनी लचके तोडले. "प्रत्येक रुग्णासाठी वेगळी चिठ्ठी का नाही?" एकजण हसत म्हणाला, "कुणी केलंय हे?"

"मी," वहिनी म्हणाली. मान खाली गेली नाही.

मॅडमनी तिचे कागद पुढे ओढून चाळले. मग म्हणाल्या, "नवे चाळीस रुग्ण घ्यावे लागतील. बॅच पुढे जाईल, तू मागे राहशील. चालेल?" वहिनी हो म्हणाली. माझा ऊर भरून आला, आणि लाजही वाटली.

या खेपेला चाळीस चिठ्ठ्या पाकिटांत घालून बंद करायला रुग्णांशी संबंध नसलेला माणूस हवा होता. मॅडमच्या परवानगीने तो मान मला मिळाला. वहिनी ऐनवेळी पाकीट उघडायची, आणि मोजायला दुसरी डॉक्टर, जिला बाजू माहीत नसे.

शेवटी आकडे जुळवले तेव्हा दोन्ही बाजू जवळपास सारख्याच निघाल्या. जेलचा म्हणावा असा फायदा दिसला नाही. बॅचच्या सहा महिने मागाहून वहिनीने तोंडी परीक्षेत तेच सांगितलं. पहिल्या चाळीस रुग्णांची चूक कुणी विचारायच्या आधीच सांगितली.

निकालाच्या दिवशी वहिनीला दादाचा फोन आला. मी शेजारीच उभा होतो, दोघांचंही बोलणं ऐकू येत होतं.

"पास?"

"पास."

"पण औषधाचा फायदा दिसला नाही म्हणालीस ना? मग दोन-दोनदा करून सिद्ध काय केलंस?"

वहिनीच्या हातातून फोन मीच ओढून घेतला आणि म्हटलं, "दादा, आधी घरी ये. तुझ्या बायकोने काय केलंय ते मी तुला समोर बसवून सांगतो."