नऊ बास्केट, एक स्टार

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. खिशात बसची तिकिटं साठतात तसे ते साठतात आणि पँट धुवायला टाकताना सापडतात. आमचे किस्से मात्र मोबाइलवर साठले, रिव्ह्यू म्हणून. जागा गेली, खेळ गेला, रिव्ह्यू अजून तिथंच आहेत. परवा टपरीवर चहा घेताना गजाननने ते काढून वाचले. आम्ही दोघं खूप हसलो.

आधी प्रकरण काय ते सांगतो. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गजानन तिथंच वेल्डर, मूळचा परभणीकडचा. नवी लाइन बसवायला फिनलंडहून एक इंजिनिअर आला होता. तो जाताना तीन प्लास्टिकच्या डिस्क आणि एक वेड मागे ठेवून गेला. वेडाचं नाव डिस्क गोल्फ. लांबून तबकडी फेकायची, ती लोखंडी बास्केटच्या साखळ्यांत अडकली पाहिजे. कमी फेकीत जो पोचेल तो जिंकला.

जागा दिली बबन आबांनी. कंपनीमागच्या गावातले जुने शेतकरी. ओढ्याकाठचा त्यांचा खडकाळ तुकडा, त्यात पीक येत नव्हतं, नुसत्या बाभळी. मुलाला ती जमीन गोडाऊनला द्यायची होती. आबा त्याला आमच्यासमोर म्हणाले, "लोकास्नी आवडतंय तवर मी सही करणार न्हाई."

गजाननने कासारवाडीच्या भंगारातून पाइप आणि साखळ्या आणून नऊ बास्केट उभी केली. पहिली डिस्क साखळ्यांत खणखणली तेव्हा आबा दगडावर बसले होते. त्यांनी फक्त "एक नंबर" म्हटलं आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी ते त्याच दगडावर दिसू लागले. आम्ही जागा मोबाइलच्या नकाशावर टाकली. नाव दिलं 'डिस्क गोल्फ कोर्स'. घोळ तिथूनच सुरू झाला.

* * *

पहिला रिव्ह्यू आयटीआय झालेल्या एका गृहस्थाचा. तीन स्टार. "कोर्स चांगला आहे पण सर्टिफिकेट देत नाहीत. प्लेसमेंटचं विचारलं तर म्हशीकडे बोट दाखवतात."

बोट गजाननने दाखवलं होतं, हे खरं आहे. त्या माणसाने पाण्याची सोय कुठे असं विचारलंय असं त्याला वाटलं आणि म्हैस ओढ्यात बसली होती.

* * *

मग दापोडीहून एक काका आले, बगलेत एमआरआयची फाइल घेऊन. दोन बस बदलून आले होते. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "साहेब, माझी शेवटची डिस्क सरकलीय. बसवता का तुम्ही?"

मी समजावून सांगितलं. काका ओशाळले, पण आलोच आहोत तर म्हणून नऊही बास्केट पायी फिरून आले. रात्री चार स्टार. "डिस्कवर इलाज होत नाही. चालल्यामुळे मात्र कंबर मोकळी झाली. डॉक्टर स्वभावाने चांगले."

डॉक्टर म्हणजे मी. ते पुढं दोन-तीनदा आले. आता ते कुठे चालायला जातात कोण जाणे.

* * *

माण गावाकडून आयटीवाल्यांची एक टीम आली होती. त्यांच्यातल्या एकीने सविस्तर लिहिलं : "चौथ्या बास्केटसमोर म्हैस बसते. नियमांच्या बोर्डवर तिचा उल्लेख नाही. डिस्क म्हशीला लागल्यास फेक मोजायची का?"

प्रश्न रास्त होता. गजाननने त्याच रविवारी बोर्डवर रंगाने नियम लिहिला : 'म्हशीला लागल्यास पुन्हा फेका. म्हशीने डिस्कवर पाय दिल्यास ती उठेपर्यंत थांबा.' आबांनी तो दोनदा वाचून घेतला आणि म्हणाले, "ती न्हाई उठत बाराच्या आत."

* * *

सगळेच रिव्ह्यू सरळ होते असं नाही. एकदा सुनीता नावाच्या बाईंचे पाच स्टार आले. "मी इथे नेहमी सहकुटुंब येते. निसर्ग सुंदर आहे. बास्केटचं वेल्डिंग तर फारच सुबक, कुठेही फुगवटा नाही."

मी गजाननला विचारलं, "वहिनींचं नाव सुनीता ना?"

"हो."

"त्या कधी आल्यात इथे?"

तो साखळीला तेल लावत राहिला. "सर, वेल्डिंग सुबक हाय का नाही, तेवढं सांगा. उगं कशाला हसायलाव?"

सुबक होतं. वहिनींना एकदा आणायचं ठरलंही होतं, पण शिफ्ट जुळल्या नाहीत आणि मग जागाच राहिली नाही.

* * *

त्यानंतर एक स्टार यायला लागले. पहिला ज्याचा आला त्याच्या नावाच्या जागी नुसतं टिंब होतं आणि फोटो गुलाबाच्या फुलाचा. एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. पाठोपाठ आठवड्याभरात तसेच आणखी दहा-बारा, सगळे मुके. आमची चारच्या वर असलेली सरासरी धाडकन खाली आली. आयटीवाल्यांनी पुढच्या रविवारचं येणं रद्द केलं. आबांच्या मुलाने मोबाइल त्यांच्यासमोर धरून लोकांना आवडत नाही म्हणून दाखवलं तर संपलंच, या भीतीने माझं डोकं फिरलं.

मी त्या टिंबाच्या खाली उत्तर लिहिलं. शब्द पाठ आहेत : "ज्यांना खेळ कळत नाही त्यांनी घरी बसावं. फुकटच्या जागेत येऊन घाण करू नये."

कंपनीत एक साधा नट रिजेक्ट करायचा तर आम्ही पाच वेळा 'का' विचारतो. का झालं, ते तसं का, मग ते तसं का. मुळापर्यंत गेल्याशिवाय कागदावर सही होत नाही. पंधरा वर्षं मी नव्या लोकांना हेच शिकवतोय. त्या दिवशी मी एकदाही विचारलं नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या रविवारी दगड रिकामा होता. त्याच्या पुढच्याही रविवारी. मला वाटलं, आबांचे पाय दुखत असतील. मी घरी जाऊनही आलो नाही. तिसऱ्या रविवारी आबांचा मुलगा आला आणि म्हणाला, "आबांनी सही केली. बास्केट तेवढी काढून घ्या, राव."

* * *

बास्केट काढत होतो त्या सकाळी आबा आले. दगडावर बसले नाहीत. बंडीच्या खिशातून मुलाचा जुना मोबाइल काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. स्क्रीनवर गुलाबाचं फूल होतं आणि त्याखाली माझं उत्तर.

"सूनबाईनं वाचून दावलं," आबा म्हणाले. "हे तुमी लिवलंय व्हय?"

मी मान हलवली. गजाननने हातातला पाना खाली ठेवला.

"जागा आमची," आबा म्हणाले, "आन घाण बी आमीच केली?"

"आबा, मला माहीत नव्हतं हे तुम्ही आहात," मी कसंबसं म्हणालो. "पण तुम्ही एकच स्टार का दिलात?"

"मंग किती देयाचं? समद्या आळीला घरोघर जाऊन सांगितलं, येकच दाबा म्हणून. तुमचा खेळ येक नंबर हाय." त्यांनी मोबाइल परत खिशात घातला आणि उपटलेल्या बास्केटकडे बघत विचारलं, "पाचवा नंबर देयाला पायजे हुता का?"