कॅल्शियमच्या डबीतल्या गोळ्या

माझ्या मुलीच्या किडनीच्या गोळ्या मी स्वतःच्या हाताने कॅल्शियमच्या डबीत भरल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी, बाहेर हळदीची गडबड चालू असताना, कपाटाआड बसून एकेक गोळी पाकिटातून काढली. एकही सांडू दिली नाही. मी घनसावंगीजवळच्या शाळेत विज्ञान शिकवतो. प्रयोगात हात स्थिर लागतो.

तिला बारावीत असताना किडनीचा आजार निघाला. लघवीतून प्रोटीन जायचं, रक्तदाब चढायचा. गोळ्यांवर सगळं ताब्यात होतं. मग जुन्या जालन्यातल्या कापडवाल्यांचं स्थळ आलं आणि माझ्यातला हुशार माणूस जागा झाला. त्यांनी पत्रिका मागितली, मी पत्रिका दिली. रिपोर्ट कुणी मागितले नव्हते. न विचारलेलं लिहू नका, असं मी मुलांना परीक्षेआधी सांगतोच.

"पप्पा, मी त्यांना सांगते ना. आत्ताच," मुलगी म्हणाली.

"तुला व्यवहार कळत नाही. सहा महिने जाऊ दे, मी सांगतो."

तिने ऐकलं. लहानपणापासून बापाचं ऐकायची वाईट खोड.

याहून मोठा पराक्रम पुढे आहे. लग्नाआधीच्या शेवटच्या तपासणीत ती रक्त द्यायला गेली होती. तेव्हा डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. दिवस राहू देण्याआधी यायचं, हे तिला आजच सांगा. आधी गोळ्या बदलू, किडनी किती काम करते ते बघू, मग त्या दोघांनी ठरवायचं. तोवर काळजी घ्यायची. लग्न झालं की दोघांना घेऊन या, मी नीट समजावते."

मी मान हलवली. वर्गात प्रजननाचा धडा मी वर्षानुवर्षं 'घरी वाचून घ्या' म्हणून उरकला. घरी मुलीला कोणत्या तोंडाने सांगणार? बायकोला सांगावं, तर ती मांडवात रडेल. म्हणून एवढं महत्त्वाचं ज्ञान मी एकट्यानेच सांभाळलं. सहा महिन्यांचे आठ महिने झाले; डबी संपत आली की मीच भरून पोचवायचो. जावयांना घेऊन दवाखान्यात गेलो असतो, तर डबी उघडी पडली असती.

डबी तरीही उघडी पडली, आणि ती माझ्या विहीणबाईंच्या गुडघ्यांमुळे. सून रोज कॅल्शियम घेते, मग आपणही घ्यावं, म्हणून त्यांनी आठ दिवस त्यातलीच एक गोळी घेतली आणि देवपूजेला उठताना चक्कर येऊन पडल्या. मला फोन आला.

"मामा, ही गोळी कशाची आहे?" जावयांनी विचारलं.

"कॅल्शियमचीच असंल की."

"मामा, डॉक्टर समोर बसलेत. बीपीची म्हणतात. आणि ती तर रडून राह्यली. काल तपासलं, तिला दिवस गेलेत."

आजोबा होणार म्हणून मी क्षणभर सुखावलो, हेही कबूल करून टाकतो. त्यानंतर डॉक्टरीणबाईंचं वाक्य आठवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी ती गोळी तिथल्या तिथे बंद केली, रिपोर्ट काढले. किडनीचं काम उतरलं होतं, रक्तदाब चढलेला. त्या मुलीशी बोलल्या, माझ्याशी नाही.

"पुढे जायचं असेल तर जाता येईल. सतत तपासण्या लागतील. धोका तुलाही आहे, बाळालाही. थांबायचं असेल तर आत्ता गर्भपात करून थांबता येतं. तब्येत सावरली की पुन्हा विचार करता येईल. तू जे ठरवशील त्यात मी सोबत आहे."

मी घसा खाकरला. "तर आमचा विचार असा, की..."

"पप्पा, तुम्ही बाहेर बसा."

बाहेरच्या बाकावर विहीणबाई बसल्या होत्या, डोक्याला पट्टी बांधून.

"इवाई, आम्ही काय राक्षस होतो का?" त्या म्हणाल्या. "माझ्या भावाला धा वर्षं झाले किडनीचं. काय खायाचं, काय न्हाई, समदं पाठ हाय मला. बोलला असता, तर पोरीला मी सांभाळलं असतं."

ज्यांच्यापासून लपवलं, त्या घरात माझ्यापेक्षा जास्त माहिती होती. गुरुजी मी.

तासाभराने मुलगी बाहेर आली. थांबायचं ठरलं होतं. तिने ते मला स्वतः सांगितलं, डोळे कोरडे ठेवून. "निर्णय माझाच आहे, पप्पा. पण विचार करायला मला वर्ष मिळायला पाहिजे होतं. एक दुपार मिळाली."

पुढचा महिनाभर मी माफी तयार करत होतो. वहीत लिहून काढली. 'तत्कालीन परिस्थिती', 'तुझ्या हिताच्या दृष्टीने' असं सगळं व्यवस्थित. बायकोने वाचलं आणि वही मिटली. "माफी मागून राह्यले का रजेचा अर्ज करून राह्यले?"

वही घरीच ठेवून जालन्याला गेलो. बैठकीत विहीणबाई होत्या, जावई होते. मुलगी पाणी घेऊन आली. तिला बसायला सांगितलं आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "डॉक्टरीणबाईंनी तुला सांगायला सांगितलेलं मी सांगितलं नाही. मला लाज वाटली, आणि सोयरीक मोडायची भीती वाटली. शरीर तुझं होतं आणि ठरवत मी बसलो. तुझं बाळ गेलं त्यात माझा हात आहे. यात तुझी काही चूक नव्हती. मला माफ कर, बाई."