फिनेलचा वास
काल आमच्या मॅनेजरसाहेबांच्या अंत्यविधीला भिवंडीच्या चर्चमध्ये गेले. ओल्या फरशीला फिनेलचा वास येत होता आणि मला दापोड्याचं गोदाम आठवलं. मी तिथे क्लार्क होते. एकदा बायकांचा संडास तुंबला, सफाईवाला रजेवर होता आणि बाकी कोणी हात लावायला तयार नव्हतं. जायची वेळ येऊ नये म्हणून पॅकिंगच्या बायका सकाळपासून पाणीच प्यायल्या नव्हत्या. जेवणाच्या सुट्टीत हे कानावर आलं, तेव्हा साहेब डब्यापुढे डोळे मिटून प्रार्थनेला बसले होते. ते तसेच उठले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि फिनेलची बादली घेऊन आत शिरले. सुपरवायझर धावत आला. "सर, उद्या माणूस बोलावतो ना!" "मग मी कोण आहे रे?" आम्ही हसलो. पॅकिंगमधल्या थोरल्या मावशी मात्र दारात हात जोडून उभ्या राहिल्या. "सायब, ह्ये तुमचं काम न्हाय. आमाला लाज वाटते." आतून आवाज आला, "मावशी, तुम्ही तहानलेल्या बसलात आणि मी चहावर चहा पीत होतो. लाज मला वाटू दे." बाहेर येऊन त्यांनी हात स्वच्छ धुतले, पेला भरून मावशींना दिला आणि गार झालेल्या डब्यापुढे पुन्हा डोळे मिटले. काल घरी परतल्यावर सुनेनं मला पाणी आणून दिलं. पेला बराच वेळ हातातच राहिला.